डोकं खाली ठेवल्यानं टॉप थांबत नाही

गोल्फ शिकणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला सतत फिरतो: डोकं शेवटपर्यंत खाली ठेवा, डावा हात काठीसारखा ताठ ठेवा, चेंडू खालून उचला, टॉप (फटका चेंडूच्या वरच्या भागाला लागून तो जमिनीवर घरंगळणं) होणारच नाही. बेळगावात नव्यानं क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरणारेही हेच घोकतात. उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी एकेक मुद्दा तपासू.

चेंडूचा व्यास जेमतेम ४३ मिलिमीटर. क्लबची खालची कड त्याच्या मध्याच्या वर लागली की टॉप. ती वर येते, कारण खाली येताना कंबर चेंडूकडे ढकलली जाते, पाठीचा कल मोडतो आणि माणूस उभा राहतो. डोकं त्यामागोमाग उठतं. दोष कंबरेत असताना मान आवळून काय होणार? उलट छाती फिरायची थांबते, वजन उजव्या पायावर अडकतं, डावं कोपर बाहेर वाकतं. स्वीडनची गोल्फपटू आनिका सोरेनस्टाम हिचा चेहरा तर चेंडूला क्लब लागतानाच लक्ष्याकडे वळायला लागलेला असे, आणि तिनं एलपीजीएच्या (महिलांच्या व्यावसायिक गोल्फ मालिकेच्या) ७२ स्पर्धा जिंकल्या. डोकं वर उचलू नये हे खरं, पण छातीबरोबर वळू द्यावं.

ताठ हाताचं उत्तर अमेरिकी गोल्फपटू कॅल्व्हिन पीट. लहानपणी मोडलेलं त्याचं डावं कोपर कधीच पूर्ण सरळ झालं नाही, तरी १९८१ ते १९९० अशी सलग दहा वर्षं पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक मालिकेत) सर्वांत अचूक ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारलेले लांब फटके, त्याचेच. हात लांब असावा, आवळलेला नसावा.

सर्वांत जास्त नुकसान ‘खालून उचला’ करतं. सात नंबरच्या आयर्नच्या (मधल्या पल्ल्याच्या लोखंडी क्लबच्या) फेसला, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूला, साधारण ३० ते ३४ अंशांचा कल असतो. चेंडू वर चढवायचं काम त्याचं. कसलेले खेळाडू हा क्लब सुमारे चार अंश खाली उतरत्या वाटेनं आणतात. आधी चेंडू, मग माती. उचलायला गेलात की स्विंगचा (क्लब फिरतो त्या कमानीचा) सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो आणि वर येणारा क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागू शकतो. (टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवलेला चेंडू ड्रायव्हर या सर्वांत लांब क्लबनं मारायची गोष्ट वेगळी, तिथे वर जाता फटका चालतो.)

आपल्याकडे हा दोष ओळखणं अवघड जातं. एप्रिल-मेमध्ये लाल जांभी माती दगडासारखी होते, मागे आपटलेला क्लब उसळून चेंडूच्या पोटावर बसतो आणि वाटतं, डोकं उठलं. जुलैत तोच स्विंग भिजल्या मातीत रुततो आणि चेंडू चार पावलांवर पडतो. दोष एकच, जमीन बदलली की दिसतो वेगळा. सरावाच्या मॅटवर तर क्लब घसरून पुढे जातो आणि चूक झाकली जाते.

तपासायला गवतावर लक्ष्याच्या दिशेला आडवी अशी रांगोळीची रेघ ओढा. ती दोन्ही पावलांच्या मध्यापेक्षा किंचित डावीकडे यावी. वजन डाव्या पायावर थोडं जास्त. चेंडू न ठेवता कंबरेपासून कंबरेपर्यंत दहा अर्धे स्विंग घ्या, दर वेळी रेघेवर थोडं पुढे सरका. क्लबची खूण रेघेवर किंवा तिच्या डावीकडे सुरू व्हायला हवी. उजवीकडे उमटली तर खाली येताना आधी डाव्या टाचेवर दाब द्या. चेंडूपाशी पोहोचेपर्यंत बहुतेक वजन तिथे हवं. दहापैकी सात खुणा बरोबर आल्यावरच चेंडू ठेवा.

उन्हाळ्यात कडक जमिनीवर क्लब आपटून मनगट दुखावू नका. चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर घडी घातलेला पंचा ठेवा. क्लब पंच्याला लागला, की वजन मागे राहिलंय.