निफाडच्या ताईंनी आमच्या फोंड्याच्या (गोवा) रोपवाटिकेला दिलेल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय, 'नोव्हेंबरात मंगेशीच्या दर्शनाला आलो तेव्हा सहा रोपं नेली, दीड महिन्यात सगळी गेली. मरायला टेकलेली रोपं गळ्यात मारली.' सोबत तीन फोटो टाकलेत, ते मी मोठे करून पाहिले. रोपं धडधाकट होती, हे आधी सांगतो. चूक मात्र आमची झालीय, पण ती दुसरीच.

रोपं कुठे न्यायची आहेत, हे आमच्याकडे कुणी विचारलंच नाही. काउंटरवरच्या मुलाने 'बाराही महिने हिरवी राहतात, काही करावं लागत नाही' म्हणून सांगून टाकलं. फोंड्यात ते खरं आहे. इथे थंडीतही पहाटेचा पारा 15 अंशांच्या खाली क्वचितच जातो, आणि तेवढ्यावरच आम्ही कपाटातून स्वेटर काढतो! तुमच्याकडे तो 5-6 अंशांवर येतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. हेलिकोनिया बिचारी कुळागरातल्या, म्हणजे आमच्याकडच्या सुपारीच्या बागेतल्या सावलीत, दमट हवेत वाढलेली. तिला दव गोठायचीही गरज नसते. 10 अंशांच्या आसपास पारा रात्रभर राहिला तरी पानातल्या पेशींची आवरणं बिघडतात, आतलं पाणी झिरपतं आणि पान उकडल्यासारखं काळं पडतं. तुमच्या पहिल्या फोटोत तेच दिसतंय.

दुसऱ्या फोटोत क्रोटनवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलीय. काळजीपोटीच बांधलीत, पण पान जिथे प्लास्टिकला चिकटतं तिथे गारठा थेट लागतो, आणि दुपारी आत भट्टी होते. त्यापेक्षा चार काठ्या रोवून जुनी सुती साडी किंवा चादर पानांना न टेकवता संध्याकाळी टाका, उन्हं आली की काढा. कुंड्या गॅलरीच्या कठड्यापासून हलवून दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीशी, विटांवर ठेवा. पाणी सकाळी, तेही वरची माती बोटाला कोरडी लागल्यावर. खत आता अजिबात नको. कोवळी पालवी फुटली तर थंडी पहिली तीच खाते.

अडेनियमचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. बुडाचा गड्डा तपकिरी होऊन सुरकुतलाय, आणि खालची बशी पाण्याने भरलेली. आमच्या चिठ्ठीवर सहाही रोपांसाठी एकच ओळ होती, 'रोज पाणी'. थंडीत अडेनियम पानं गाळून झोपतं, तेव्हा त्याला रोज पाणी म्हणजे कुजायला आमंत्रण. हा सरळ आमचा गुन्हा. त्याचे पैसे परत किंवा दुसरं रोप, तुम्ही म्हणाल ते. बिल शोधत बसू नका, वहीत नोंद आहे. रोपच हवं असेल तर मार्चनंतर देतो, आता पाठवणं म्हणजे पुन्हा तेच.

बाकीची पाच फेकू नका. हेलिकोनियाची काळी पानं दिसायला वाईट, पण थंडी सरेपर्यंत कापू नका, खालच्या कंदावर त्यांचंच पांघरूण होतं. वर सुक्या पाल्याचा चार बोटं थर द्या. कंद घट्ट असेल तर शिमग्यानंतर कोंब येईल. क्रोटनच्या फांदीवर नखाने हलकंसं खरवडून पाहा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. हिरवं नसेल तर थोडं खाली खरवडा. तिसऱ्या फोटोतल्या टकल्या क्रोटनच्या शेंड्यावर मला एक डोळा फुगलेला वाटतोय, पण फोटोवरून छातीठोक सांगत नाही.

चिठ्ठ्या आम्ही बदलल्यात, आता प्रत्येक रोपाची वेगळी. आणि काउंटरवर पहिला प्रश्न: रोप कुठल्या गावी जाणार?

खरवडल्यावर काय दिसलं, तेवढं मात्र कळवा.