सायरसच्या दंडगोलावर गुलामगिरीबंदी लिहिलेलीच नाही

‘इराणच्या सायरस राजाने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबिलोन जिंकलं आणि गुलामगिरी रद्द केली. सर्वांना धर्मस्वातंत्र्य दिलं, मजुरांना किमान वेतन दिलं. मातीच्या दंडगोलावरचा त्याचा हुकूम म्हणजे जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा, त्याला संयुक्त राष्ट्रांचीही मान्यता आहे.’ हा मजकूर दंडगोलाच्या फोटोसकट पुन्हा पुन्हा फिरत येतो. पारशी शेजाऱ्यांमुळे सायरस हे नाव मुंबईकरांच्या ओळखीचं, त्यामुळे तो कौतुकाने पुढेही ढकलला जातो. बाबिलोन (आजच्या इराकमधलं प्राचीन शहर) जिंकल्याचं साल बरोबर आहे. पुढचं एकेक बघू.

आधी गुलामगिरी. दंडगोलावर एवढंच आहे की बाबिलोनच्या लोकांच्या मानेवर न शोभणारं जू लादलं होतं, ते सायरसने उतरवलं. जू म्हणजे सक्तीची सेवा, वेठ. आणि सवलत मिळाली ती त्या शहराच्या नागरिकांना. बाजारात विकल्या जाणाऱ्या गुलामाचा तिथे उल्लेख नाही. बरं, हुकूम निघाला असता तर व्यवहारात दिसला असता ना? बाबिलोनमधल्या एगिबी नावाच्या सावकार घराण्याचं दप्तर मातीच्या पाट्यांवर टिकून आहे. सायरसने हरवलेल्या बाबिलोनच्या राजाचं, नबोनिडसचं, राज्य गेलं, सायरसचं आलं, मग कंबायसेसचं, मग दारियसचं. दप्तरातले गुलामांचे व्यवहार चालूच राहिले. इ.स.पू. ५०८ मध्ये या घराण्याची वाटणी झाली तेव्हा वाटून घेतलेल्या मालमत्तेत शंभराहून जास्त गुलाम होते.

किमान वेतनाचा तर दंडगोलावरच्या मजकुरात मागमूसही नाही. मजुरांना धान्य किती द्यायचं याच्या नोंदी इराणमधल्या पर्सेपोलिसला सापडल्या, पण त्या दारियसच्या काळातल्या आणि दुसऱ्याच पाट्यांवरच्या.

धर्माचा मुद्दा जास्त गुंतागुंतीचा, कारण त्यात थोडं तथ्य आहे. नबोनिडसने बाबिलोनमध्ये आणून ठेवलेल्या मूर्ती सायरसने त्यांच्या त्यांच्या देवळांत परत पाठवल्या, देवळं सावरली. पण हे सांगताना तो म्हणतो काय? नबोनिडसने बाबिलोनच्या मुख्य देवाची, मर्दुकची, पूजा बिघडवली, म्हणून मर्दुकने रागावून दुसरा राजा शोधला आणि आपला हात धरला. नव्या राजाने पुरोहितांच्या भाषेत स्वतःची निवड देवाच्या नावावर लिहून घेतली आहे. नैवेद्यात हंस, बदकं आणि कबुतरं वाढवल्याचीही नोंद आहे! जुन्या देवळांची डागडुजी, मागच्या राजाची निंदा, नव्याची स्तुती हा मेसोपोटेमियातला ठरलेला साचा; असुरबानिपालसारख्या अश्शूरी राजांनीही तो वापरला होता. सायरसला तर दुरुस्तीत असुरबानिपालचाच लेख सापडला, असं दंडगोल सांगतो. यहुद्यांना जेरुसलेमला परत जाऊ दिल्याची गोष्ट बायबलच्या एज्रा ग्रंथात आहे. दंडगोलावर यहुदी नाहीत, जेरुसलेमही नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. हा लेख इमारतीच्या पायात पुरून विसरण्यापुरता नव्हता. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात याच मजकुराचे दोन तुकडे वेगळ्या पाटीवर सापडले, म्हणजे त्याच्या प्रती निघत होत्या. राजाची घोषणा म्हणा हवं तर. हक्कांची सनद नव्हे.

मग ‘सनद’ आली कुठून? १९७१ मध्ये इराणच्या शहाने राजेशाहीच्या २५०० वर्षांचा थाटाचा सोहळा केला, सायरस त्याचा नायक. त्याच ऑक्टोबरात शहाची बहीण अश्रफ हिने संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांना दंडगोलाची प्रतिकृती भेट दिली. संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या प्रसिद्धिपत्रकात या भेटीचं मानवी हक्कांचा प्राचीन जाहीरनामा म्हणून कौतुक झालं, पण भेटवस्तू स्वीकारणं म्हणजे तिच्यावरचा मजकूर तपासून मान्य करणं नव्हे. पुढे गुलामगिरीबंदीची कलमं घुसडलेलं बनावट भाषांतरही पसरलं.

मूळ दंडगोल १८७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ होर्मुझ्द रस्साम यांना बाबिलोनमध्ये मिळाला. तो ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. २०१३-१४ च्या हिवाळ्यात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही येऊन गेला. त्याच्या पंचेचाळीसेक ओळींचं भाषांतर ब्रिटिश म्युझियमने संकेतस्थळावर ठेवलं आहे, वाचायला दहा मिनिटं पुरतात.