झेपली नाही म्हणे!

आज पंपावर पेट्रोल भरत होते. मागून ओळखीचा आवाज. "काय ताई, विकलीच ना शेवटी? मी म्हटलंच होतं, झेपणार नाही." मागे रांग लागलेली, भांडायला वेळ नव्हता, म्हणून नुसती हसले. घरी येईपर्यंत डोकं तापलं. आता लिहिल्याशिवाय जेवण जाणार नाही.

हो, सुपर मीटिऑर ६५० विकली, म्हणजे रॉयल एनफील्डची ती बसकी, पाय पुढे टाकून चालवायची मोठी क्रूझर, आणि त्यांचीच छोटी हंटर ३५० घेतली. २४१ किलोच्या गाडीवरून १८१ किलोच्या गाडीवर आले. यात कुणाचं काय गेलं? आपल्याकडे मोठ्या गाडीवरून छोट्या गाडीवर आलात की तुमचं काहीतरी बिनसलंय हे ठरलेलंच. नोकरी गेली, कंबर गेली, आणि बाई असेल तर हिंमत गेली. एकाने जीएसटी काढला. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के आणि खालच्यांना १८, म्हणून विकलीस का? अरे बाबा, ती माझ्या दारात उभी होती, तिच्यावर मला पुन्हा कोण कर लावणार होतं! नवीवर चार पैसे वाचले हे खरं, नाही कशाला म्हणू.

खरं कारण बामणोलीच्या वाटेवरच्या भज्यांच्या टपरीवर आहे. ऐन पावसाळा, कासच्या पुढचा उतार, समोरचं झाड दिसेना असं धुकं. टपरीसमोर गाडी लावायला जागा एकच, तीही दरीकडे तोंड करून. भजी खाल्ली, चहा झाला, निघायची वेळ आली. रिव्हर्स गिअर नाही, पायाखाली चिखल, आणि मी हँडल धरून मागे रेटतेय. वीतभर मागे यायची, हातभर पुढे जायची. शेवटी टपरीवाल्या काकू बेसनाच्या हातांनीच बाहेर आल्या, पुढून हेडलाइटला हात लावून ढकलता ढकलता म्हणाल्या, "बया, म्हस घिऊन फिरतीस व्हय गं?" हेडलाइटवर पिवळी पाच बोटं उमटली, ती साताऱ्यापर्यंत पावसानेही गेली नाहीत.

आता गंमत बघा. "तुझी उंची कमी, तू क्रूझरच घे, सीट खाली असते," हा सल्ला मला आमच्या बाइकवाल्यांच्या ग्रुपमधल्या झाडून सगळ्या दादा लोकांनी दिला होता. सल्ला खोटा नव्हता. सीट ७४० मिलिमीटरवर, पाच फूट दोन इंचाच्या बाईचे दोन्ही तळवे पक्के टेकतात. पण बंद गाडी चढावर मागे घ्यायची असते तेव्हा त्या टेकलेल्या तळव्यांचं काय लोणचं घालायचं? हंटरची सीट ७९० वर. सिग्नलला मी चवड्यांवर असते. तरी इथे साताऱ्यात राजवाड्यामागच्या चढाच्या बोळात गाडी एकटी फिरवून लावते, कुणाला हाक मारावी लागत नाही. सीट-सीट करणाऱ्या एकाही शहाण्याने वजनाबद्दल तोंड उघडलं नाही. काकूंनी एका वाक्यात निकाल लावला.

आणि ते पुढे टाकलेले पाय! फोटोत झकास दिसतात. खड्डा आला की मात्र बूड उचलताच येत नाही, कारण पाय अंगाखाली नसतातच. सगळा दणका माकडहाडात. हंटरवर गुडघ्यांवर भार घ्यायचा, जरा उठायचं, खड्डा पार. मोती चौकात तर एका दमात वळते.

मान्य, हायवेची राणी तीच होती. कोल्हापूरला जाताना शंभराच्या वेगाला ते ६४८ सीसीचं इंजिन जे नुसतं गुणगुणायचं, ते सुख हंटरवर नाही. बास, एवढंच. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी. मग आपल्या वाट्याला राहतं काय? घाट, बोळ आणि टपऱ्या.

वाईट वाटलं नाही असं नाही. कऱ्हाडचा एक पोरगा घेऊन गेला. त्याने स्टार्टर दाबला तेव्हा मी उगाच आत जाऊन कागदपत्रं शोधत बसले, जी आधीच त्याच्या हातात दिली होती. गोकर्णपर्यंत नेलं मला तिने, कधी दगा दिला नाही. तिला कुणी नावं ठेवली तर मी आजही भांडेन.

पण शेवटी शेवटी काय व्हायला लागलं होतं सांगू? ठोसेघर म्हटलं की धबधब्याआधी डोळ्यांसमोर पार्किंग यायचं. सपाट असेल का, ओढून द्यायला कुणी असेल का. मग घरीच बसायचं, किंवा स्कूटर काढायची. गाडी दारात उभी आणि बाई स्कूटरवर! हे त्या पंपावरच्या दादांना दिसलं नाही. त्यांना फक्त विकलेली दिसली. स्वतः मात्र वर्षभरात एकदा १५ ऑगस्टला गाडी काढतात, ती बॅटरी चार्ज करून.

हंटर घेतल्यावर पहिल्यांदा काकूंकडेच गेले. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. "आता रेडकू आणलंस जणू. बेस केलंस." भजी दोन जास्त घातली.

उद्या सकाळी सहाला समर्थ मंदिरापाशी जमतोय, बामणोलीला जाऊन यायचं. दादा, तुम्हीही या. तुमची ती मोठी गाडी टपरीसमोर दरीकडे तोंड करून लावा आणि निघताना एकट्याने काढून दाखवा. मी हात लावणार नाही. काकू लावतील, पण भजी विकत घ्यावी लागतील.