आजीचे फोटो आणि तो सात कलमी मेसेज

परवा रविवारी सकाळी आत्याचा फोन आला. आवाज रडवेला. ‘अरे, आईचे फोटो दिसून नाही राहिले बाप्पा. मोबाईलमधेही नाही अन् कॉम्प्युटरमधेही नाही.’

आई म्हणजे माझी आजी. डिसेंबरात तिचं सहस्रचंद्रदर्शन झालं, फेब्रुवारीत ती गेली. त्या कार्यक्रमात बाकी सगळ्यांचं लक्ष पंगतीकडे होतं, फोटो काढले एकट्या आत्यानं. ६४० फोटो, २२ व्हिडिओ, सगळे एकाच फोनमध्ये. मी गाडी काढली आणि नागपुरातच मानेवाड्याहून तडक महाल भागात, आत्याकडे गेलो. तिथे उलगडा झाला. आत्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता, आणि आत्यानं त्यातलं एक कलम इमानेइतबारे पाळलं होतं.

हा मेसेज तुम्हालाही आला असणार. वर चार लाल भोंगे, ‘सावधान!! मोबाईल कॉम्प्युटरला जोडताय?’, डोक्यावर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ची दोन बाणांची खूण, आणि खाली सात कलमं. केबलनं फोन जोडला की बँक खातं रिकामं होतं. त्याऐवजी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा, क्लॅरिटी तीच राहते. गूगल फोटोजमध्ये ढगाची खूण दिसली की फोटो कॉम्प्युटरवर गेले असं समजा आणि मोबाईलमधून बिनधास्त डिलीट करा. केबलच्या करंटनं मेमरी जळते, विदर्भाच्या उन्हाळ्यात तर फोन फुटतोच. ब्लूटूथ सगळ्यात फास्ट आणि सेफ. आयफोन विंडोजला चालतच नाही. सातवं, खालच्या लिंकवरून अ‍ॅप घ्या, सगळं आपोआप होईल. मग अर्थातच, दहा जणांना पाठवा.

मला हा चार ग्रुपवर आला होता. हसून सोडून दिला. ती माझी चूक.

तिसऱ्या कलमापासून सुरुवात करतो, कारण खरा घात तिथे आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो त्याच अ‍ॅपमधून डिलीट केला की तो फोनमधून जातो, खात्यातूनही जातो, आणि त्या खात्यानं उघडलेल्या बाकी फोनांत, कॉम्प्युटरांतही दिसेनासा होतो. हे मी मनाचं सांगून नाही राहिलो. गूगलच्या स्वतःच्या मदतपानावर ते स्वच्छ लिहून आहे: बॅकअप झालेली गोष्ट डिलीट केली तर ६० दिवस ट्रॅशमध्ये, म्हणजे केराच्या डब्यात राहते, त्यानंतर कायमची जाते. बॅकअप झालेली नसेल तर मुदत ३० दिवसांचीच. ज्यानं हे कलम लिहिलं त्यानं ते एक पान वाचलं असतं तर आत्याचा रविवार रडण्यात गेला नसता.

आम्ही मोजलं. आत्यानं फोटो काढून टाकल्याला ४१ दिवस झाले होते. म्हणजे हातात १९ दिवस. ट्रॅश आपल्या हातानं रिकामी करता येते हे आत्याला ठाऊक नव्हतं, म्हणून वाचलो. एरवी ती स्वयंपाकघरातला केराचा डबासुद्धा दिवसातून दोनदा रिकामा करते.

आणि ‘ढगाची खूण म्हणजे फोटो कॉम्प्युटरवर गेले’ हे काय आहे? कॉम्प्युटरवर गेले हे खरं, पण कोणाच्या? गूगलच्या. आत्याच्या टेबलाखालच्या सीपीयूत एक फोटो उतरलेला नव्हता. ब्राउझर उघडला की फोटो दिसायचे, म्हणून तिला वाटलं आले. पासबुकावर आकडा दिसला म्हणून नोटा घरच्या कपाटात येतात का?

यातलं अर्धं खरं असलेलंही सांगून टाकतो. त्याच अ‍ॅपमध्ये ‘या डिव्हाइसवरची जागा मोकळी करा’ अशा अर्थाचा पर्याय आहे. तो फक्त फोनमधली प्रत काढतो, खात्यातली ठेवतो. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा हेच कुठेतरी ऐकलं आणि ‘डिलीट करा’ लिहून मोकळा झाला. शिवाय खात्यातली जागा फुकट अमर्याद असण्याचे दिवस १ जून २०२१लाच संपले. आता १५ जीबी, तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून. भरले की नव्या फोटोंचा बॅकअप थांबतो, आणि माझ्या आत्यासारखी माणसं तशा सूचना न वाचताच बाजूला सारतात.

याहून वाईट पुढे होतं. आजीच्या आवाजातल्या अभंगांची १४ रेकॉर्डिंग फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरमध्ये होती. गूगल फोटोज फोटो आणि व्हिडिओ घेतं, नुसता आवाज घेत नाही. त्या १४ फायलींवर ढगाची खूण कधी येणारच नव्हती. आणि आत्या पुढच्या आठवड्यात हा फोन एक्स्चेंजमध्ये देणार होती. ‘सगळं कॉम्प्युटरवर गेलंच आहे ना,’ म्हणून.

आता पहिलं कलम. इथे मला जरा नमतं घ्यावं लागतं, नाइलाजानं. यूएसबीतून चोरी होऊ शकते ही कल्पना हवेतली नाही. २०११ साली लास वेगासच्या डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत संशोधकांनी फोन चार्ज करायची एक टपरीच मांडून लोकांना हा धोका दाखवला होता. त्याला ज्यूस जॅकिंग हे नावही त्याच वर्षी पडलं. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२मध्ये आर्थिक फसवणुकीच्या तऱ्हांवर ‘बी(अ)वेअर’ नावाची पुस्तिका काढली, तिच्यातही हा प्रकार आहे. सल्ला असा की सार्वजनिक किंवा अनोळखी चार्जिंग पोर्ट आणि केबली वापरू नका. सार्वजनिक. अनोळखी. आत्याच्या घरचा, दर गुरुवारी हळदकुंकू लागणारा कॉम्प्युटर यातला कोणता?

केबल लावल्यावर होतं काय, तेही पाहून घ्या. अँड्रॉइड ६पासून, म्हणजे २०१५पासून, फोन केबलला जोडला की आधी फक्त चार्ज होतो. फायली दाखवायच्या की नाही हे तुम्ही फोनच्या स्क्रीनवर निवडता, आणि त्यासाठी फोनचं कुलूप उघडावं लागतं. निवडलं तरी कॉम्प्युटरला दिसतात ते कॅमेऱ्याचे, डाउनलोडचे, रेकॉर्डिंगचे असले फोल्डर. बँकेच्या अ‍ॅपची आतली माहिती त्यांत नसते, यूपीआयचा पिनही नसतो. जुन्या फोनांत मेमरी पेनड्राइव्हसारखी सगळीच्या सगळी कॉम्प्युटरच्या ताब्यात जायची. आता एमटीपी नावाच्या पद्धतीत कॉम्प्युटर गिऱ्हाइकासारखा काउंटरच्या अलीकडे उभा राहून फाइल मागतो आणि फोन आतून काढून देतो. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फोन ‘यूएसबी डीबगिंग’ला, म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या आत हात घालू द्यायला, परवानगी मागायला लागला तर मात्र सरळ नाही म्हणा. इतपत भीती ठीक आहे.

गंमत म्हणजे आत्यानं केबल आधी लावून पाहिली होती. कॉम्प्युटरला फोन दिसलाच नाही. तिनं मेसेजशी सांगड घातली: ‘बँकेनं ब्लॉक केलं असंल.’ बँक कशाला करते ब्लॉक! बर्डीच्या फुटपाथवरून घेतलेली काळी केबल होती ती, चार्जिंगपुरती. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन माहितीच्या. हिच्यात माहितीच्या दोन नव्हत्याच. फोनच्या डब्यातली पांढरी केबल लावली आणि फोन लगेच दिसला.

व्हॉट्सअ‍ॅपवर क्लॅरिटी तीच राहते, हे दुसरं कलम. इतवारीच्या फोटो स्टुडिओतला पोरगा हे वाचून रडेल. आजीचा एक फोटो आत्यानं ग्रुपवर टाकला होता, तोच १२ बाय १८ इंचांत मोठा करून भिंतीवर लावायचा होता. आत्याच्या कॅमेऱ्याचा मूळ फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून परत आलेला १६०० बाय १२००. सहा हिश्श्यांतले पाच हिस्से गेले. १८ इंचांवर पसरायचा तर मूळ फोटो इंचाला २२२ ठिपके देतो, हा जेमतेम ८९. आजीच्या नऊवारीचे काठ त्यात लापशी होतात. वर फोटो काढल्याची तारीखही पुसली जाते, फायलीच्या नावात राहते ती पाठवल्याची. २०२३मध्ये एचडीचा पर्याय आला, तोही मूळ फोटो नव्हेच. हं, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, २ जीबीपर्यंत. एखाददुसऱ्या फोटोला मीही तेच करतो. पण ६४० फोटो डॉक्युमेंट म्हणून स्वतःला पाठवत बसायला आत्याला भजन सोडावं लागेल.

चौथ्याबद्दल, केबलच्या करंटबद्दल, काय बोलावं! कॉम्प्युटरचा साधा यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. तुमचा फोनबरोबर आलेला चार्जर याच्या कितीतरी पट देतो आणि तो तुम्ही रात्रभर उशाशी लावून झोपता. तेव्हा नाही जळत का मेमरी? ४५ अंशांत फोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, हे मान्य. त्यात केबलचा काय दोष? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते, नकोशा गोष्टींचे पुतळे म्हणजे बडगे निघतात. यंदा एक बडगा या कलमाचा काढा आणि ओरडा, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत.’

ब्लूटूथनं १ जीबी पाठवायला तासाहून जास्त लागतो, केबलला मिनिटभर. आयफोन विंडोजला जोडता येतो. २०१३च्या आयओएस ७पासून तो ‘या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का’ असं विचारतो, हो म्हणून पासकोड टाकला की फोटो दिसतात. पुढे.

सातवं कलम. ‘शेअरइटचं नवीन व्हर्जन’ म्हणून एक लिंक दिलेली आहे. फायली पाठवायची शेअरइट आणि झेंडर आपण सगळ्यांनी वापरली, कॉलेजच्या दिवसांत माझे निम्मे पिक्चर त्यावरूनच आले. पण २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती. मग हे ‘नवीन व्हर्जन’ येऊन कुठून राहिलं? लिंकवरून थेट उतरणाऱ्या एपीके फायलीतून, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून. ती टाकायची तर फोनला ‘अनोळखी ठिकाणाहून इन्स्टॉल करू दे’ अशी सूट द्यावी लागते, आणि असलं अ‍ॅप पुढे एसएमएस वाचायची परवानगी मागू शकतं. ओटीपी कशात येतो? केबलची भीती घालणाऱ्या माणसानं त्याच मेसेजच्या तळाशी खातं रिकामं होण्याचा खरा रस्ता टाकून ठेवला आहे. ती लिंक मी उघडली नाही. आत्यानंही नव्हती उघडली, कारण तिला ती सापडली नाही. कधीकधी चाळिशी न लावण्याचाही फायदा होतो.

केबल नकोच असेल तर क्विक शेअर आहे, बिनतारी फायली पाठवायची सोय. पूर्वी त्याला निअरबाय शेअर म्हणायचे, जानेवारी २०२४पासून हे नाव झालं. विंडोजसाठी त्याचं गूगलचंच अ‍ॅप आहे, गूगलच्याच साइटवरून घ्यायचं. मी लॅपटॉपवर वापरतो. आत्याच्या जुन्या कॉम्प्युटरला वायफायच नाही, म्हणून तिथे तो प्रश्न मिटला.

ट्रॅशमधले फोटो-व्हिडिओ खात्यात परत आणले आणि ब्राउझरमधून दोन खेपांत झिप करून डी ड्राइव्हमध्ये उतरवले. मोजले, ६६२ भरले. मग पांढऱ्या केबलनं १४ अभंग आणि फोनमधलं बाकी सगळं उतरवलं. चहा उकळून गाळेपर्यंत झालं. आत्यानं पहिला अभंग कॉम्प्युटरवर लावून पाहिला, पूर्ण ऐकला, दुसरा लावला. तोवर मी एका कागदावर लिहून सीपीयूला चिकटवलं:

पांढरी केबल लावायची. काळी फक्त चार्जिंगची.
फोनचं कुलूप उघडून वरून पट्टी खाली ओढायची, ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं.
कट नाही, कॉपी. मधेच केबल हलली तर कटमध्ये फाइल जाऊ शकते.
दोन्हीकडचा आकडा जुळला, चार फायली उघडून पाहिल्या, की मगच फोनमधून काढायचं. तेही मला फोन करून.