‘दोन सणसणीत बसल्या असत्या तर...’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी मल्हारबद्दल लिहिलं होतं. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मल्हार पाच वर्षांचा आहे, रेसमधून बाहेर पडून आमच्याकडे आलेला कुम्मैत, म्हणजे तपकिरी रंगाचा, थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा) घोडा. घरच्या मैदानावर मीटरभर उंचीच्या उड्या आरामात मारतो. पुण्यातल्या एका स्पर्धेत 80 सेंटिमीटरच्या वर्गात तो वॉर्म-अपला व्यवस्थित उडाला, आत रिंगमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या मैदानात, गेल्यावर तिसऱ्या अडथळ्यापाशी दोनदा अडला आणि बाद झाला. त्याच्यावर बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीने त्याला मारलं नाही, कारण मी मारू देत नाही. या हंगामात त्याची नोंदणी करायची नाही, नुसतं स्पर्धांना घेऊन जायचं, असं आम्ही ठरवलं.

त्यावर आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देते:

“ताई, लेख छान आहे पण घोडा म्हणजे लेकरू नव्हे. वॉर्म-अपला उडतो आणि रिंगमध्ये अडतो म्हणजे तो तुम्हाला खेळवतोय. पहिल्या नकारालाच दोन सणसणीत बसल्या असत्या तर दुसरी वेळ आली नसती. आम्ही फौजेत असले अडेलतट्टू डझनाने सरळ केलेत. तुमच्यासारखे लोक पोरांना भित्रं करतात आणि पालकांचे पैसे पाण्यात जातात. आधी स्वतः रिंगमध्ये उतरा, मग लिहा.”

प्रतिक्रियेखाली नाव नाही, म्हणून नुसतं ‘नमस्कार’ म्हणते.

सुरुवातीला ‘ताई’ आणि शेवटी दम, ही कुठली रीत? ताई म्हणायचं असेल तर ताईशी बोलतात तसं बोला, नाहीतर सरळ बाई म्हणा, माझी हरकत नाही. घोड्यांच्या जगात बाईने काही लिहिलं की कोणीतरी येऊन तिला रिंगमध्ये उतरायला सांगतंच. माझ्या जागी एखादा पुरुष प्रशिक्षक असता तर हेच वाक्य तुम्ही लिहिलं असतं का, याचं उत्तर तुमचं तुम्ही स्वतःला द्या.

आता विचारलंच आहे तर सांगते. माझे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, होते. मी चालायला शिकले ती तबेल्याच्या बोळात. खरारा कसा करायचा, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) ओढताना घोड्याने पोट फुगवलंय की खरंच दुखतंय हे कसं ओळखायचं, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पहाटे ते हरभऱ्याची चंदी घेऊन जायचे तेव्हा बादलीमागे मी असायचे. पुढे मी उड्यांच्या स्पर्धा केल्या, पडले, माझ्या उजव्या खांद्यात आजही प्लेट आहे आणि पावसाळ्यात ती दुखते. रिंग मला बाहेरून माहीत आहे असं समजू नका. आणि ‘भित्रं’ हा शब्द जरा जपून वापरा. अडलेल्या घोड्यावरून उतरून, त्याच्या मानेवर हात ठेवून, शेकडो लोकांसमोरून शांतपणे बाहेर चालत यायला काय लागतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं.

असो. तुमच्या मुद्द्याकडे येते. एक गोष्ट आधी मान्य करते: दोन फटके नियमात बसतात. उड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे लागोपाठ तीनपेक्षा जास्त फटके मारता येत नाहीत, डोक्यावर कधीच नाही आणि बाद झाल्यावर तर अजिबात नाही. तेव्हा तुमचे दोन त्या हिशेबात येतात. छडी हातात असू नये असंही मी कधी म्हटलेलं नाही. टाचेला उत्तर न देणाऱ्या आळशी घोड्याला खांद्यामागे एक हलका इशारा मीही देते.

पण ‘दोन बसल्या असत्या तर दुसरी वेळ आली नसती’ हे तुम्ही ज्या खात्रीने लिहिलंय, ती खात्री कुठून आली? तुम्ही मल्हारला पाहिलेलं नाही. तो अडथळाही पाहिलेला नाही. मी पाहिलाय, कारण मी कठड्याला टेकून उभी होते. तिसरा अडथळा पर्जन्यवृक्षाखाली होता. सकाळचं कोवळं ऊन, त्यात झाडाची गर्द सावली अर्धी अडथळ्याच्या आडव्या पोलवर, अर्धी वाळूवर. खाली निळा फलक, बाजूला फुलांच्या कुंड्या, मागे फडफडणारं बॅनर. वळणावरून येताना मल्हारचे दोन्ही कान पुढे होते. मग उजवा कान लाऊडस्पीकरकडे वळला. तीन स्ट्राइड (ढांगा) उरले असताना मान वर आली, पाठ पोकळ झाली, आणि पुढचे दोन्ही पाय वाळूत रुतवून तो उभा राहिला. नाकपुड्या फुललेल्या, मानेवर शीर ताठ. खेळवणारा घोडा असा दिसत नाही. खेळवणारा घोडा आधीच खांदा टाकून बाजूने निसटतो, त्याचा कान रायडरकडे असतो. हा घोडा समोर पाहत होता आणि समोरचं त्याला कळत नव्हतं.

घोड्याला काय दिसतं याचा विचार आपण फार कमी करतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग दिसत नाही. उडीच्या शेवटच्या क्षणी अडथळा त्या आंधळ्या भागात जातो. म्हणजे तो जे उडतो ते आधी पाहिलेल्याच्या भरवशावर उडतो. लाल आणि हिरवा त्याला वेगळे दिसत नाहीत. उजेडातून सावलीत आल्यावर त्याच्या डोळ्याला सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ब्रिटनमध्ये शर्यतींच्या अडथळ्यांवर वर्षानुवर्षं नारिंगी रंग असायचा. घोड्यांना तो नीट दिसत नाही हे अभ्यासातून कळल्यावर तो बदलून पांढरा करायचं ठरलं. तिथे कोणी असं म्हणालं नाही की घोड्यांना दोन ठेवून द्या म्हणजे नारिंगी दिसेल.

शिवाय स्पर्धेत रायडर पायी फिरून सगळा मार्ग पाहतो, स्ट्राइड मोजतो, कुठे वळायचं ते ठरवतो. घोडा ते मैदान पहिल्यांदा पाहतो तेव्हा बेल वाजायलाच आलेली असते. अडथळा आधी नेऊन दाखवायला परवानगी नाही. पाठांतर एकाने करायचं आणि परीक्षेला दुसऱ्याने बसायचं, अशी ही व्यवस्था आहे. त्यात तो दुसरा पाच वर्षांचा असेल आणि पहिल्यांदाच आला असेल, तर त्याने थांबून विचारलं यात बंड कुठे आहे?

आता फटका. घोडा शिकतो ते क्षणाच्या जोडीने. टाचेचा दाब दिला, तो पुढे गेला, दाब लगेच सुटला, की त्याला कळतं काय हवं होतं. अडून उभा राहिल्यावर बसलेला फटका कशाशी जोडला जातो? त्याच्या डोळ्यांसमोर असतो निळा फलक. म्हणजे ज्याची भीती वाटली त्याच्याजवळ गेलं की दुखतं, हे त्याने शिकायचं. पुढच्या वेळी तो तीन नाही, सहा स्ट्राइड आधीच थांबेल. किंवा घाबरून उडेल, चार पाय एकदम उचलून, वेडावाकडा, आणि खाली येताना रायडरला कुठेतरी टाकेल. तुम्ही त्याला ‘गेला की नाही’ म्हणाल. मी त्याला अपघात म्हणेन.

हे माझं मऊपण नाही. सुमारे 2,400 वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने अगदी हेच लिहून ठेवलंय: बुजणाऱ्या घोड्याला फटके मारून पुढे नेलं तर त्याची भीती वाढते, कारण ते दुखणं समोरच्या वस्तूमुळेच आलं असं त्याला वाटतं. तो फौजी होता. धावत्या घोड्यावर पुढे झुकून, त्याची पाठ आणि तोंड मोकळं सोडून उडी मारायची आजची पद्धत ज्याच्या नावावर आहे तो फेदेरिको काप्रिल्लीही फौजीच, इटलीच्या घोडदळातला अधिकारी. त्याचं सगळं म्हणणं हे होतं की घोड्याच्या कामात ढवळाढवळ करू नका. तेव्हा ‘आम्ही फौजेत’ हे वाक्य तुमच्या बाजूने साक्ष देतं असं धरून चालू नका. फौजेतल्या घोडेस्वारांबद्दल मला अपार आदर आहे. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीतल्या इव्हेंटिंग प्रकाराचं वैयक्तिक सुवर्ण रघुबीरसिंगांनी आणलं, सांघिकही आपलंच, आणि त्या घोडेस्वारांना घडवलं फौजेनेच. पण डझनाने घोडे ‘सरळ’ केल्याचं सांगणारे लोक त्या डझनातले किती पुढे रिंगमध्ये राहिले हे कधी सांगत नाहीत. तुम्हीही सांगितलेलं नाही.

आणि टोकियो ऑलिम्पिक विसरलात का? 2021 मध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे ज्या पाच खेळांच्या स्पर्धेत तेव्हा अनोळखी घोड्यावरून उड्या माराव्या लागत त्यात, जर्मनीची आनिका श्लॉय आघाडीवर होती. तिच्या वाट्याला आलेला सेंट बॉय हा घोडा त्याच दिवशी आधीच्या रायडरसोबतही अडला होता. 20 मिनिटांच्या ओळखीवर ती त्याच्यावर बसली. घोडा उडेना, ती रडत होती, बाहेरून प्रशिक्षिका ओरडून ‘मार’ म्हणत होती, आणि त्या प्रशिक्षिकेने कठड्यावरून घोड्याला स्वतः ठोसाही मारला. घोडा गेला का? नाही. श्लॉय 31 वी आली, प्रशिक्षिकेला उरलेल्या स्पर्धेतून काढलं, आणि पुढे त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकायचा निर्णय झाला. पॅरिसनंतर तिथे घोडा नाही. सगळ्या जगाने पाहिलेलं उदाहरण आहे हे. त्याच ऑलिम्पिकमध्ये उड्यांच्या मैदानावर एका अडथळ्याशेजारी सुमो पैलवानाचा मोठा पुतळा ठेवला होता, तर जगातले सर्वोत्तम, अनुभवी घोडे त्याला बुजले. ते काय त्यांच्या रायडरना खेळवत होते?

मल्हारच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती रेसकोर्सवर वाढलेल्या माणसाला सांगावी लागत नाही. जो घोडा दोन वर्षांचा असल्यापासून शर्यतीच्या तालमीत आहे, त्याला गाडीत चढवलं, नव्या ठिकाणी उतरवलं, गर्दी दिसली, लाऊडस्पीकर ऐकू आला की त्याच्या डोक्यात एकच अर्थ असतो: आता पळायचं. आपण त्याला त्याच आवाजात सांगतो की हळू ये, गोल फीर, मोजून उड. हे त्याला नव्याने शिकवावं लागतं, आणि ते शिकवायची जागा घरचं मैदान नाही. म्हणून तर मी लिहिलं की त्याला स्पर्धेला न्यायचं आणि उतरवायचं नाही. गाडीतून काढायचं, हातात दोरी धरून तासभर फिरवायचं, रिंगशेजारी गवत खाऊ द्यायचं, वॉर्म-अपच्या मैदानात नुसता ट्रॉट (दुडकी चाल) करून परत आणायचं. स्पीकर वाजला आणि काहीच घडलं नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा अनुभवू द्यायचं. घरी निळे फलक आधी दोन बाजूंना लांब ठेवून त्याला मधून चालवायचं, मग रोज ते थोडे जवळ सरकवायचे. अडला तर तोंड फिरवू द्यायचं नाही, समोरच उभं करायचं, पोल खाली आणायचा, आणि चालत का होईना पण त्यावरून न्यायचं. यात लाड कुठे आहेत? पाठ फिरवून निघून जायची सूट मी त्याला देतच नाही. रिंगमध्ये मात्र पोल खाली आणता येत नाही, म्हणून तिथे हा धडा शिकवताच येत नाही.

त्याआधी डॉक्टरांना दाखवलं, हेही मी लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. वर्षभरात त्याच्या पाठीचे स्नायू भरले आणि जुनं खोगीर पुढून आवळायला लागलं होतं. बोटाने दाबलं की कातडी थरथरायची. खोगीर बदललं. तंग आवळताना तो हवेत चावायचा, म्हणून पोटाचीही तपासणी करून घेतली, कारण रेसच्या घोड्यांमध्ये जठराचे व्रण फार आढळतात. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं आणि वैरण चघळताना सुटणारी लाळ त्याला आवर घालते. चंदी भरपूर आणि वैरण कमी, असं चाललं की व्रण होतात. मल्हारची वैरण आता रात्रीही संपू देत नाही. दुखणाऱ्या पाठीवर बसून वर दोन सणसणीत द्यायच्या, हा तुमचा उपाय मी त्याच्यावर करायला हवा होता का?

मी लहान असताना एका तबेल्यात असा ‘सरळ’ केलेला घोडा पाहिलाय. कोपऱ्यात तोंड घालून उभा असायचा. माणूस आत आला की मागचा पाय उचलायचा. वडील दार उघडण्याआधी त्याच्याशी बोलत उभे राहायचे, कधी कधी पाच पाच मिनिटं, तो कान फिरवेपर्यंत. त्याच्या तोंडात लगाम घालू शकणारे तेवढे एकटेच होते.

पालकांच्या पैशांबद्दल: ते माझ्या आणि पालकांच्या मधलं आहे. त्यांना सगळं सांगून, त्यांच्या संमतीने हे ठरलंय. बाकीच्या ओळींना उत्तर द्यावं असं त्यांत काही नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. पटत नसेल तर पुन्हा लिहा, पण नाव लिहून आणि घोड्याबद्दल लिहा. माझ्या विद्यार्थिनीला पुन्हा भित्रं म्हटलंत तर मात्र ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही. ती हे सगळं वाचते, आणि उद्या पहाटे साडेपाचला मल्हारला चालवायला तीच येणार आहे.