दुसरा कोण आला?

सोसायटीच्या ऑस्कर स्पर्धेत मी हरलो आणि तो निकाल मला मान्य आहे, असं मी ग्रुपवर लिहिलंय. ते साफ खोटं आहे.

माणशी शंभर रुपये वर्गणी, नामांकनांची यादी, ज्याचे अंदाज जास्त बरोबर त्याला बक्षीस. 3 मार्च 2025, सोमवार, पहाटे साडेपाचला क्लबहाउसमधला टीव्ही लागला. सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेला एड्रियन ब्रोडी साडेपाच मिनिटांच्या वर बोलत राहिला, तेवढ्यात दोघे जण जाऊन दूध घेऊन आले. शेवटी बी विंगमधले काका आणि मी बरोबरीत. इथे बक्षीस वाटून मोकळं व्हायला हरकत नव्हती. पण काकांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "टायब्रेकर. आता सांगायचं, दुसरा कोण आला?"

काका स्पर्धक होते आणि परीक्षकही. स्पर्धेची कल्पना त्यांची, वर्गणीचा डबा त्यांच्या मांडीवर आणि क्लबहाउसची किल्ली त्यांच्या जानव्याला. तक्रार करायची कुणाकडे?

"काका, दुसरा कोण ते जाहीरच करत नाहीत."

"जाहीर करत नाहीत म्हणजे दुसरा नसतो का रे?"

मी समजावलं. मतं प्राइसवॉटरहाउसकूपर्स या हिशेब तपासणाऱ्या कंपनीची माणसं मोजतात, निकाल आधी त्यांच्यातल्या मोजक्यांनाच ठाऊक असतो, आणि कुणाला किती मतं पडली हा आकडा कधीच बाहेर येत नाही. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. निवृत्त बँक मॅनेजर कर्जाचा अर्ज फेटाळण्याआधी ऐकतो तसं.

"आकडे कशाला हवेत? चेहरे बघायचे. नाव पुकारताना पडद्यावर पाच चौकटी येतात ना? जो सगळ्यात आधी टाळ्या वाजवतो तो चौथा. त्याला घरून निघतानाच माहीत असतं. जो मान डोलावतो तो तिसरा. आणि ज्याला हसायला किंचित उशीर होतो तो दुसरा."

"आणि पाचवा?"

"पाचवा बायकोशी बोलत असतो."

अभिनेत्रीत मी दुसरी डेमी मूर लिहिली होती. कुणीही तेच लिहील. गोल्डन ग्लोब तिला, कलाकारांच्या संघटनेचा सॅग पुरस्कार तिला, ऑस्कर मात्र 'अनोरा'च्या मायकी मॅडिसनला. काकांनी त्यावर काट मारली. त्यांच्या मते दुसरी आली ब्राझीलची फर्नांडा टोरेस.

"तिच्या सिनेमाला परदेशी सिनेमाचं ऑस्कर दिलं की नाही? एका घरात दोन देत नाहीत. म्हणजे मतं भरपूर होती, पण थांबवली."

"अहो, अनोराला पाच दिली!"

"ते घर वेगळं."

सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या वेळी मी शेवटचा प्रयत्न केला. तिथे मतदार पसंतीक्रम लावतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळातला सिनेमा बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला वाटतात, आणि हे बहुमत होईपर्यंत चालतं. म्हणजे पहिल्या पसंतीत दुसरा असलेला सिनेमा शेवटी दुसरा राहीलच असं नाही. मग दुसरा म्हणायचं कुणाला? मला वाटलं, मुद्दा बिनतोड आहे. क्लबहाउसमधून फक्त एक आवाज आला, "चहात आलं आहे का?"

लघुपटांत काकांनी आपली 'अनुजा' दुसरी ठरवली. ती पाचांत दुसरीच का, तर म्हणे आपलं नेहमी थोडक्यात हुकतं. " 'मदर इंडिया' एका मतानं गेली, माहितेय ना?"

ही एका मताची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. 1958 साली परदेशी सिनेमाचं बक्षीस इटलीच्या फेलिनीच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'ला गेलं, एवढं खरं. पण मतं जाहीरच होत नाहीत, तर ते एक मत मोजलं कुणी? मी विचारलंच.

"आमच्या अण्णांनी सांगितलंय," काका म्हणाले. अण्णा रेल्वेत होते.

बरं, दुसरा-तिसरा जाहीर करायची पद्धत ऑस्करमध्ये एके काळी खरंच होती. 1934 च्या समारंभात सूत्रसंचालक विल रॉजर्सनं दिग्दर्शनाचं पाकीट उघडलं आणि "ये रे फ्रँक, घेऊन जा" अशा थाटात हाक मारली. दिग्दर्शक फ्रँक काप्रा उठला, टेबलांमधून वाट काढत निघाला, आणि तेव्हा कळलं की हाक दुसऱ्या दिग्दर्शकाला, फ्रँक लॉइडला होती. काप्राला तसंच जागेवर परतावं लागलं. दुसरा आलेल्याचं काय होतं ते त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं. नंतर लवकरच ही पद्धत बंद पडली ते बरंच झालं.

आणि बरोबरीचंच बोलायचं तर 1932 चं बघा. अभिनेत्यांत फ्रेडरिक मार्चला वॉलेस बीरीपेक्षा एक मत जास्त होतं. तेव्हाच्या नियमात एवढा फरक बरोबरीत धरला जायचा, म्हणून दोघांनाही बाहुली मिळाली. हॉलिवूडसारख्या ठिकाणी एका मताचा फरक पोटात घातला जातो, आणि आमच्याकडे शून्य फरक असताना चौकटीतलं हसू मोजतात! शंभर रुपयांचं मला काही वाटत नाही. म्हणजे वाटतं. पाण्याच्या टाकीच्या वर्गणीची पावती मिळते, याची नाही मिळाली.

मी दहापर्यंत दात ओठ खात ऑफिसची कामं उरकली. सव्वादहाला ग्रुपवर निकाल आला. 'प्रथम क्रमांक : बी विंग,' पुढे काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. खाली ठळक अक्षरांत : 'ऑस्करच्या परंपरेनुसार इतर क्रमांक गुप्त ठेवण्यात येत आहेत.'

त्याखाली अंगठ्यांची रांग. त्यात एक माझ्या बायकोचा.