‘एम.टेक. म्हणजे दोन वर्षं पाण्यात’: त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्यात नांदेडच्या बसस्थानकावर एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील भेटले. मुखेडकडचे, चार एकर कोरडवाहू. धाकटा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यांनी मोबाइल काढून माझ्या हातात दिला. “सर, हे वाचा बरं. पोरगा पुढं शिकतो म्हणायलाय अन् ग्रुपवर हे आलंय. खरं हाय का?”

मेसेज मी आधीही वाचला होता. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: ज्याला नोकरी लागत नाही तो एम.टेक. करतो. दोन वर्षं आणि लाखो रुपये पाण्यात जातात. कंपन्या डिग्री नाही, स्किल बघतात, त्यासाठी सहा महिन्यांचा कोर्स पुरे, आणि आता तर कोड एआयच लिहितं. एम.टेक. करून शेवटी विनाअनुदानित कॉलेजात मास्तरकीच करायची. शिकायचंच तर अमेरिकेत एम.एस. करा, दोन वर्षांत कर्ज फिटतं. आणि खेड्यातल्या, मराठी माध्यमाच्या पोरांनी तर या वाटेला जाऊच नये.

त्यांची बस लागली होती, म्हणून तेव्हा दोन वाक्यांत बोललो. ते बोलणं मला पुरेसं वाटलं नाही. मी स्वतः पुण्यात दोन वर्षं नोकरी करून मग एम.टेक. केलं, आता इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. या मेसेजमुळे निर्णय बदललेली मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेजमध्ये खरं काय आहे ते आधी सांगतो. काही कॉलेजांत एम.टेक. नुसतं कागदावर चालतं. जागा रिकाम्या असतात, गेट, म्हणजे एम.टेक. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, न देता प्रवेश मिळतो, मुलं फक्त परीक्षेला येतात, प्रबंध आयता विकत मिळतो. अशा ठिकाणी जाऊ नका, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. पण भेसळीचं बियाणं निघालं म्हणून कुणी पेरणी सोडून देत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने ही दोन एम.टेक. वेगळी करून सांगितली असती तर मला हे लिहावंच लागलं नसतं.

आता नोकरी न लागणाऱ्यांचा मुद्दा. आपल्याकडच्या मुलाचं पदवीचं कॉलेज अठराव्या वर्षी, एका सीईटीवर आणि घरच्या ऐपतीवर ठरतं. जालना, बीड, हिंगोली, धाराशिवच्या मुलाला घराजवळचं कॉलेज घ्यावं लागतं, कारण पुण्यातलं भाडं परवडत नाही. मग चौथ्या वर्षी पुण्याच्या कॉलेजात ज्या कंपन्या भरतीला येतात त्या इकडे फिरकत नाहीत. ती कंपनी त्या मुलाला नापास करत नाही, ती त्याला भेटतच नाही. अशा मुलाला ‘नोकरी न लागलेला’ म्हणणं हा अन्याय आहे. गेट त्याला दुसरी संधी देते. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. तो कोणत्या कॉलेजचा, बाप काय करतो, इंग्रजी बोलताना अडखळतो का, हे त्या पेपरला कळत नाही. स्कोअर तीन वर्षं चालतो. त्याच स्कोअरवर आयआयटीचे दरवाजे उघडतात, सीसीएमटी या एम.टेक.च्या केंद्रीय प्रवेशफेरीतून एनआयटी मिळते, आणि एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या सरकारी कंपन्यांनीही याच स्कोअरवर अभियंते घेतले आहेत. बारावीनंतर हुकलेली आयआयटी पदवीनंतर मिळालेली मुलं मराठवाड्यात आहेत. त्यांच्यातला एकही नाइलाजाने तिथे गेलेला नव्हता.

आणि आयआयटी म्हणजे मुंबईतली पवईचीच असं का धरून चालायचं? नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादला जाणारा रस्ता संगारेड्डीवरून जातो, आणि संगारेड्डीजवळ कंदीला आयआयटी हैदराबाद आहे. नांदेडकरांना ती मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर पडते. १९४८पर्यंत आपण हैदराबाद संस्थानातच होतो, आपले आजोबा-पणजोबा शिकायला उस्मानियात जायचे. आज त्याच शहरात ट्रिपल आयटी आहे, केंद्रीय विद्यापीठात संगणकशास्त्राचं एम.टेक. आहे. आपल्या मुलांच्या डोक्यात मात्र पुणे सोडून दुसरं गावच येत नाही.

लाखो रुपयांचा हिशोब मेसेजवाल्याने नीट मांडलेला नाही. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेतला, तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, २४ महिने. म्हणजे २,९७,६००. त्या बदल्यात आठवड्याला काही तास प्रयोगशाळेत किंवा वर्गात मदतीचं काम करावं लागतं. हे पैसे वेळेवर येतीलच असं नाही. माझं विद्यावेतन सुरू व्हायला तीन महिने लागले होते आणि तेवढे तीन महिने मी घरून पैसे मागवले, त्यानंतर नाही. गेट न देता घेतलेल्या किंवा स्वखर्चाच्या जागेवर हे विद्यावेतन नसतं. त्यामुळे दोन वर्षांचा खर्च विचारायच्या आधी प्रवेश कोणत्या जागेवर आहे ते विचारा. दोन वर्षांचा पगार बुडतो हे मात्र खरं आहे. ज्या घरात धाकट्या बहिणीची फी मोठ्याच्या पगारातून जाते, त्या घरातल्या मुलाला ‘नोकरी सोड’ असं मी कधीही म्हणणार नाही.

‘कंपन्या स्किल बघतात, कोड एआय लिहितं’ या मुद्द्यावर मला जरा थांबायचंय, कारण हाच सगळ्यांना पटतो.

माझ्या प्रबंधाचा विषय होता सोयाबीनच्या पानाच्या फोटोवरून पिवळा मोझॅक ओळखणं. आमच्या भागात हा रोग आला की शेतच्या शेत पिवळं पडतं, पांढरी माशी तो पसरवते. मी फोटो जमवले, त्यांवरून रोग ओळखायला संगणकाचं मॉडेल शिकवलं. संगणकावर निकाल इतका सुंदर आला की मी मार्गदर्शकांकडे पेढे घेऊनच गेलो. त्यांनी पेढा बाजूला ठेवला आणि म्हणाले, “लोह्याला जा. तुझ्या फोनने दुपारी बारा वाजता फोटो काढ आणि मग ये.” गेलो. मॉडेल सपशेल आपटलं. निरोगी पानाला रोगी म्हणायचं, रोगी पानाला निरोगी. का, ते शोधायला मला दीड महिना लागला. रोगट पानांचे माझे जवळजवळ सगळे फोटो एकाच दिवशी, ढगाळ हवेत, एकाच शेतात काढलेले होते. मॉडेल रोग शिकलंच नव्हतं, ते त्या दिवसाचा उजेड शिकलं होतं. शिवाय एकाच झाडाची पानं शिकवण्यातही होती आणि तपासण्यातही. पेपर आधीच फुटलेला, मग गुण मिळणारच.

तो दीड महिना मला कोणत्याही सहा महिन्यांच्या कोर्सने दिला नसता. कोर्समध्ये विदा, म्हणजे डेटा, आयती स्वच्छ करून मिळते, उत्तर आधीच ठरलेलं असतं. चांगलं एम.टेक. वर्षभर एकाच प्रश्नापुढे बसवतं, आणि उत्तर ठाऊक नसलेला माणूस तुमच्याबरोबर बसतो. स्वतःच्या आकड्यावर संशय घ्यायला मी तिथे शिकलो. आता एआय कोड लिहितं, हे मीही रोज वापरतो. पण तो कोड बरोबर आहे का, चाचणी प्रामाणिक आहे का, जिथे चालवायचाय तिथे तो चालेल का, हे विचारणारा माणूस लागतोच, आणि विचारायला पाया लागतो. गेटचा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम उघडून बघा: विविक्त गणित (डिस्क्रीट मॅथ्स), अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, कंपायलर. भाषा आणि साधनं दर दोन वर्षांनी बदलतात, हे विषय टिकून आहेत. आमच्या बऱ्याच मुलांचे हे विषय पदवीत आदल्या रात्रीच्या नोट्सवर निघून गेलेले असतात. गेटच्या तयारीच्या वर्षात ते पहिल्यांदा कळतात. प्रवेश मिळो न मिळो, ते वर्ष वाया जात नाही.

कोर्स वाईट असतात असं मी म्हणत नाही. वेब डेव्हलपमेंटची पहिली नोकरी हवी असेल तर कोर्स करा, एम.टेक.ची गरज नाही. पण चिप डिझाइन, कंट्रोल सिस्टिम, इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन, संशोधनाकडे झुकलेलं मशीन लर्निंग, या कामांत पदव्युत्तर शिक्षण मागितलं जातं. मास्तरकीच्या टोमण्यालाही हेच उत्तर पुरेसं आहे. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात नाइलिट या केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स-आयटी संस्थेचं केंद्र आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक्स डिझाइनचं एम.टेक. करता येतं, आणि शेजारी वाळूज-शेंद्र्याचे कारखाने आहेत. राहिली शिकवण्याची नोकरी. तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईच्या नियमाने इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला एम.ई. किंवा एम.टेक. लागतंच. विनाअनुदानित कॉलेजांत पगार रखडतात, हे मी नाकारत नाही, तो राग माझ्याही मनात आहे. पण तो दोष पदवीचा नाही. आणि ज्या कामामुळे विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंद सिंघजी संस्थेतून १९८१पासून अभियंते घडत आले, त्या कामाला टोमणा म्हणून वापरू नये.

आता अमेरिका. हा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. तिथलं शिक्षण उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘दोन वर्षांत कर्ज फिटतं’ हे नोकरी लागली आणि टिकली तरच. एम.एस.नंतर १२ महिने काम करता येतं, आपल्या इंजिनिअरिंगच्या विषयांना आणखी २४ महिने मिळतात. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा लागतो. त्याच्या वर्षाला ६५,००० आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २०,००० जागा आहेत, अर्ज त्याहून खूप जास्त येतात, म्हणून सोडत निघते. सप्टेंबर २०२५मध्ये तर अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. सोडतीच्या भरवशावर घराचं कर्ज ठरवायचं का, हा खरा प्रश्न आहे.

कर्जाबद्दल एक गोष्ट आपल्याकडे कुणी उघड बोलत नाही. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात. शेतजमीन त्यांना नको असते, कारण थकीत कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याचा जो सरफेसी कायदा आहे, त्याखाली ती जप्त करता येत नाही. म्हणजे पुण्यात फ्लॅट असलेल्या माणसाला कर्ज मिळतं आणि मुखेडच्या चार एकरवाल्याला सांगतात, खासगी वित्तसंस्थेकडे जा. तिथे व्याज जास्त. नाहीतर जमीन विका. मेसेज लिहिणाऱ्याने हे चार एकर डोळ्यांपुढे आणले नव्हते.

परदेशच हवं असेल तर जर्मनी बघा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात, भारतीयांना एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी आधी वाचा, विद्यापीठ नंतर निवडा. आमच्याकडे उलट होतं आणि अर्ज बाद होतो.

शेवटचा मुद्दा मराठी माध्यमाचा. गेटचा पेपर इंग्रजीत असतो, ही अडचण खरी आहे. पण त्यात निबंध नसतो, मुलाखत नसते. १०० पैकी १५ गुण सामान्य क्षमतेचे, त्यातही इंग्रजी थोडंच, बाकी आकडेमोड आणि तर्क. उरलेले ८५ गणिताचे आणि आपल्या विषयाचे. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठीत शिकलो. एम.टेक.च्या पहिल्या सत्रात वर्गात तोंड उघडायला मला भीती वाटायची, हे खरंय. दुसऱ्या सत्रात मार्गदर्शकांनी दर शुक्रवारी फळ्यासमोर उभं केलं आणि भीती हळूहळू गेली. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. थांबवून, मागे नेऊन, तीनदा ऐकता येतात.

त्या वडिलांना मी परवा फोन केला. मुलगा तिसऱ्या वर्षालाही गेट देऊ शकतो, फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत असते, हे सांगितलं. कोणत्याही संस्थेत प्रवेश घेण्याआधी तिथल्या दोन एम.टेक.च्या मुलांना गाठून तीन प्रश्न विचारायचे, तेही लिहून घ्यायला लावले: विद्यावेतन मिळतं का, मार्गदर्शक आठवड्याला किती वेळा भेटतात, मागच्या बॅचचे प्रबंध वाचायला मिळतील का. त्यांनी मुलाच्या वहीत लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं आणि विचारलं, “सर, ते कंदी म्हंजी संगारेड्डीच्या अलीकडं का पलीकडं?”